पेशंट अचानक बिघडत नाही

"काल रात्री जेवले, गप्पा मारल्या, आणि सकाळी अचानक गेले." मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यात अर्धा तास उभं राहा, हे वाक्य कानावर पडेल. पंचवीस वर्षं जनरल वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर त्यातल्या 'अचानक' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळते. अपघात, मोठा हार्ट अटॅक, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी अशा काही गोष्टी खरंच अचानक घडतात. पण वॉर्डात दाखल असलेला, न्यूमोनियाचा, लेप्टोचा (पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) किंवा ऑपरेशननंतरचा पेशंट बहुतेक वेळा काही तास आधीपासून सांगत असतो. तोंडाने नाही, नाडीने, श्वासाने, चेहऱ्याने.

ही नुसती वॉर्डातली समजूत नव्हे. १९९० साली अमेरिकेतल्या मायामीमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असतानाच हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे कागद डॉक्टरांनी मागे जाऊन तपासले. त्यातल्या ८४ टक्के पेशंटच्या केस पेपरवर, हृदय बंद पडण्याआधीच्या ८ तासांत, प्रकृती खालावल्याची किंवा नव्या तक्रारीची नोंद होती. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलंही होतं. त्या नोंदीचा अर्थ मात्र वेळेत कुणापर्यंत पोहोचला नाही. अर्ली वॉर्निंग सिस्टिम, म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना देणारी पद्धत, याच फटीत जन्माला आली.

आधी शरीर काय करतं ते पाहू. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की रक्तवाहिन्या सैल पडतात. नळ तेवढाच आणि पाईप मोठा झाला तर दाब कमी व्हायला हवा. पण शरीर तो लगेच पडू देत नाही. हृदय वेगाने धावायला लागतं, हातापायांकडचं रक्त आवळून मेंदूकडे, हृदयाकडे वळवलं जातं. म्हणून बीपी ठीक दिसत असताना हातपाय गार लागतात आणि लघवी कमी होते. पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा झाला की रक्तात आम्ल साठू लागतं. ते आटोक्यात ठेवण्याचा शरीराकडचा सर्वांत जलद उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, म्हणजेच भराभर श्वास घेणं. तरुण माणसाचं शरीर ही ओढाताण बराच वेळ निभावतं आणि मग एकदम हात टेकतं. बीपी पडतं ते अगदी शेवटी. बीपी पडेपर्यंत वाट पाहणं म्हणजे घराला आग लागल्यावर धुराकडे न बघता छत कोसळायची वाट पाहणं.

आणि धूर असतो श्वासात. पेशंट बिघडणार असल्याची खूण सर्वांत लवकर देणाऱ्या गोष्टींत मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या फार वरची आहे. वॉर्डात सर्वांत कमी मोजली जाणारी गोष्टही तीच. ताप थर्मामीटर सांगतो, बीपीचं मशीन बीपीबरोबर नाडीही दाखवतं, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ऑक्सिजन सांगतो. साध्या जनरल वॉर्डात श्वास मोजायला मशीन नसतं. त्यासाठी पेशंटच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. चाळीस पेशंट असतील तर चाळीस मिनिटं. मग काय होतं, ते सांगायला मला जड जातं, पण लपवून उपयोग नाही. चार्टवर ओळीने सगळ्यांचे श्वास २० लिहिले जातात. मीही लिहिले आहेत. बेड नंबर १ चे २०, बेड नंबर २ चे २०, खाली जमिनीवर गादी टाकून झोपवलेल्याचेही २०.

१९९७ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती मांडली. प्रत्येक मोजमापाला, ते नेहमीच्या पट्ट्यापासून किती लांब गेलंय त्यानुसार गुण द्यायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. पुढे तिथे प्रत्येक रुग्णालयाने आपापला तक्ता बनवला आणि गोंधळ वाढला. तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली संपूर्ण देशासाठी एकच तक्ता ठरवला, 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर', थोडक्यात न्यूज. २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, न्यूज-२. आज बहुतेक ठिकाणी चर्चा होते ती हिची.

यात सात गोष्टी बघतात: श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, पेशंटला बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप. प्रत्येकाला ० ते ३ गुण. फक्त ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे सरळ २. परीक्षेच्या उलट, इथे जितके गुण जास्त तितकी काळजी जास्त. श्वास मिनिटाला १२ ते २० असेल तर ०, २१ ते २४ ला २, २५ किंवा त्याच्या वर गेला की ३. नाडी ५१ ते ९० ला ०, १११ ते १३० ला २. वरचं बीपी ९० किंवा खाली आलं की ३. पेशंट नव्याने बरळायला लागला किंवा हाक मारल्याशिवाय डोळे उघडत नसेल, तर एकदम ३.

एक रात्र डोळ्यांसमोर आणते. अठ्ठावन्न वर्षांचे काका, न्यूमोनिया म्हणून दाखल, बेड नंबर १४. आकडे समजावण्यासाठी मी बसवले आहेत, पण अशा रात्री प्रत्येक सिस्टरने पाहिलेल्या असतात.

रात्री १० वाजता ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेताना, काकांचा श्वास २०, ऑक्सिजन ९५, बीपी ११८, नाडी ९२, ताप ३८.२ सेल्सिअस. शुद्ध चांगली, ऑक्सिजन लावलेला नाही. गुण: ऑक्सिजन-पातळीचा १, नाडीचा १, तापाचा १. बेरीज ३.

रात्री २ वाजता श्वास २४, ऑक्सिजन ९४, बीपी १०८, नाडी १०६, ताप ३७.८. काकू म्हणतात, "ताप उतरला, बरं झालं." एकेक आकडा सुटा बघितला तर झोपलेल्या डॉक्टरांना उठवावं असं त्यात काहीच नाही. बीपी जरा कमी, नाडी जरा जास्त, श्वास जरा जास्त. आता गुण मांडा: श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, बीपीचा १, नाडीचा १. बेरीज ५. तक्ता सांगतो की ५ ला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायला हवं आणि इथून पुढे किमान दर तासाला मोजायला हवं.

पहाटे ४ वाजता श्वास २८, ऑक्सिजन लावूनही ९२, बीपी ९८, नाडी ११८, अंग थंड, ३६ वर. काका काकूंना ओळखत नाहीत, सलाईन ओढून काढायला बघतायत. बेरीज १५. आता हे कळायला तक्ता लागत नाही, दारातून दिसतं. तक्त्याचं सगळं मोल रात्री २ च्या त्या ५ मध्ये आहे. चार 'जरा'ची बेरीज 'जरा' राहत नाही, एवढं एकच तो दाखवतो, आणि पहाटेच्या दोन तासांत तेवढंच कामी येतं.

बेरजेनंतर काय करायचं तेही ठरलेलं असतं. १ ते ४ असेल तर दर ४ ते ६ तासांनी मोजायचं. कुठल्याही एकाच गोष्टीला ३ मिळाले तर बेरीज कमी असली तरी डॉक्टरांना कळवायचं. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी: वरिष्ठ डॉक्टर, सतत मॉनिटर, आयसीयूचा विचार.

बाहेरच्या माणसाला सहज लक्षात येणार नाही असा एक फायदा यात आहे. रात्री २ वाजता सिस्टर हाऊसमनला, म्हणजे वॉर्डाच्या ज्युनियर डॉक्टरला, फोन करते आणि म्हणते, "सर, १४ नंबर बरा वाटत नाही." समोरचा छत्तीस तास जागा आहे. तो विचारतो, "बीपी किती? १०८? मग ठीक आहे की, बघतो राऊंडला." संभाषण तिथेच संपतं. सिस्टरला आतून कळत असतं, पण 'वाटतं' या शब्दाला वजन नसतं. "स्कोअर ३ होता, चार तासांत ५ झाला, श्वास २४ आहे" म्हटलं की फोन ठेवून देणं अवघड होतं. नवी मुलगी कामाला लागलेली असो की वीस वर्षांची अनुभवी सिस्टर, दोघींच्या तोंडी तो आकडा सारखाच असतो. मला विचाराल तर तक्त्याने वॉर्डाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

पण तक्ता आपल्याकडे आणताना डोळे उघडे ठेवायला हवेत. मुंबईत जुलैपासून वॉर्ड डेंग्यूने भरतात. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि खरा धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. रक्तातलं पाणी वाहिन्यांमधून बाहेर झिरपतं, वरचं बीपी टिकून राहतं, खालचं वर सरकतं. समजा पंचवीस वर्षांच्या मुलाचं बीपी १०४/८८ आहे, नाडी १०४, ताप ३७, श्वास २०, ऑक्सिजन ९८. न्यूज-२ चे गुण फक्त २. पण वरच्या-खालच्या बीपीत अंतर उरलंय १६ चं, आणि डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याच्या खाली येणं ही शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याची, खूण मानतात. तक्ता खालचं बीपी बघतच नाही. म्हणून डेंग्यूच्या पेशंटमध्ये पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मलूल पडणं आणि एकीकडे प्लेटलेट कमी होत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वाढत जाणं, हे वेगळं बघावंच लागतं. बेरीज २ आली म्हणून निश्चिंत झालात, तर त्या मुलाला गमवाल.

आणखीही अपवाद आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना हा तक्ता लावायचा नाही, त्यांच्यासाठी निराळे आहेत. बीपीसाठी ॲटेनोलोल, मेटोप्रोलोलसारखी गोळी घेणाऱ्याची नाडी संकटातही फार वाढत नाही. वर्षानुवर्षं विडी ओढून फुप्फुसं निकामी झालेल्या काही पेशंटमध्ये ८८ ते ९२ ऑक्सिजन हेच योग्य लक्ष्य असतं. न्यूज-२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी पट्टी आहे, पण ती डॉक्टरांनी ठरवूनच वापरायची. ऑक्सिमीटरचंही तसंच. २०२० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसलं की मशीन ठीकठाक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट होतं. सावळ्या-काळ्या कातडीच्या आपल्या देशात ९४ आणि ९५ मधल्या फरकावर फार विसंबू नये, हे त्यातून मी घेतलं.

आता मशीनबद्दल. गेल्या दहाएक वर्षांत कॉम्प्युटरला हजारो जुन्या पेशंटच्या नोंदी दाखवून कोण बिघडलं, कोण नाही हे शिकवलं जातंय. तक्ता फक्त आत्ताचा आकडा बघतो; कॉम्प्युटर आकड्यांची चढउतार, रक्ताचे रिपोर्ट, वय, जुने आजार असं बरंच काही एकत्र बघतो आणि 'पुढच्या काही तासांत बिघडण्याची शक्यता इतकी' असं सांगतो. गादीखाली पट्टी ठेवून शरीराच्या सूक्ष्म हालचालींवरून श्वास आणि नाडी सतत मोजणारी यंत्रंही आपल्या देशात बनतात आणि वापरली जातात. श्वास मोजायला माणूस नाही, ही आपली दुखरी नस असल्याने मला त्यांचं मोल वाटतं.

मात्र अंदाज बांधणाऱ्या कुठल्याही पद्धतीत एक गणित लपलेलं असतं. समजा १००० पेशंट आहेत आणि त्यातले २० खरोखर बिघडणार आहेत. मशीन चांगलं आहे: बिघडणाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखतं आणि ठीक असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांबाबत उगाच ओरडतं. म्हणजे १६ खरे इशारे. आणि उरलेल्या ९८० चे १० टक्के, म्हणजे ९८ खोटे. एकूण ११४ वेळा घंटा वाजली, त्यातल्या १६ वेळा खरी. सात वेळा धावलात तर एकदा कारण होतं. सहाव्या फुकट फेरीनंतर सातव्या वेळी माणूस खुर्चीतून उठतो का? लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलीय.

हे फक्त कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेलं सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागणं, ओळखणारं एक कॉम्प्युटर मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याने ओळखलेच नाहीत, आणि तरीही दाखल झालेल्या १८ टक्के पेशंटवर त्याने इशारे दिले. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर भागत नाही. आपल्या वॉर्डात, आपल्या पेशंटवर ते तपासूनच घ्यावं लागतं.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातल्या १९ रुग्णालयांमध्ये अशी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि २०२० मध्ये तिचे निकाल आले: मृत्यू कमी झाले. तिथे इशारा थेट वॉर्डात वाजत नाही. दूर एका ठिकाणी बसलेल्या अनुभवी नर्स तो आधी वाचतात, केस बघतात, आणि गरज वाटली तरच वॉर्डातल्या नर्सला फोन करतात. टोरोंटोच्या सेंट मायकल्स रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात बसवलेल्या अशाच पद्धतीनंतर अनपेक्षित मृत्यू २६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही ती वापरात आणण्याआधी कुणी, किती वेळात, काय करायचं हे डॉक्टर-नर्सनी मिळून बसवलं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एक पद्धत तर नर्सच्या नोंदींची ढब वाचते. नर्स मधेच, वेळ नसताना नाडी बघून गेली, जास्तीची टीप लिहिली, याचा अर्थ तिला काळजी वाटतेय असा धरून ती इशारा देते. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. आमच्या त्या 'वाटतंय'ला कुणीतरी आकड्यात बसवलं होतं.

कितीही हुशार घंटा असली तरी ती वाजल्यावर कुणी येणार नसेल तर ती फक्त आवाज. ऑस्ट्रेलियात १९९० च्या सुमारास सिडनीत 'मेडिकल इमर्जन्सी टीम' सुरू झाली: ठरावीक लक्षणं दिसली की कुणीही बोलवावं आणि तयार टीम धावत यावी. पुढे २३ रुग्णालयांत तिची मोठी चाचणी झाली. २००५ मध्ये तिचे निकाल आले, त्यात टीम असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत ठळक फरक दिसला नाही. बारकाईने पाहिल्यावर कळलं की लक्षणं दिसूनही अनेकदा टीमला बोलावलंच गेलं नव्हतं. मोजणं, बोलावणं, येणं: यातला एक दुवा तुटला की बाकीचे दोन वाया.

मुंबईत हे दुवे कुठे तुटतात ते मला पाठ आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १ नर्स असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. मी नाईटला एकटीने किंवा दोघींनी मिळून चाळीस-पन्नास पेशंट सांभाळले आहेत. दर तासाला मोजा म्हणणारा तक्ता त्या सिस्टरच्या हातात नुसता ठेवला तर तो आणखी एक रकाना होतो, ज्यात पुन्हा ओळीने २० लिहिले जातात. म्हणून सगळ्यांचं सगळं मोजण्याचा हट्ट मी धरत नाही. ओव्हर घेताना सर्वांत वाईट पाच पेशंट निवडा, त्यांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, त्यांची बेरीज फळ्यावर लिहा आणि हाऊसमनला फळा दाखवा. याला मशीन लागत नाही. फळा, खडू आणि मनगटावर सेकंदकाटा.

आणि आपल्या वॉर्डांत एक माणूस असतोच, जो परदेशातल्या त्या तक्त्यांत कुठेच नाही. बेडखाली चटई टाकून झोपलेली काकू. पेशंट भोजपुरीत बोलत असेल, सिस्टर मराठी, हाऊसमन दक्षिणेतला. तो बरळतोय की नेहमीसारखाच बोलतोय हे आम्हाला कुठून कळणार? ते तिलाच कळतं. इंग्लंडमध्ये १३ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर, तिच्या आईवडिलांची काळजी ऐकली गेली नव्हती म्हणून, २०२४ पासून 'मार्थाज रूल' लागू होऊ लागला. त्याने नातेवाइकांना दुसऱ्या टीमकडून तातडीची तपासणी मागण्याचा मार्ग मिळाला. आपल्याकडे असा नियम माझ्या वॉर्डात कधी नव्हता. "ओ मावशी, बाजूला व्हा" एवढंच होतं.

तेव्हा तुमचं माणूस दाखल असेल तर हे करता येईल. तो शांत पडलेला असताना, त्याला न सांगता (सांगितलं की माणूस श्वास बदलतो), पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण ६० सेकंद मोजा. बोलताना, खाताना किंवा संडासला जाऊन आल्याबरोबर मोजू नका. दोन तासांनी पुन्हा मोजा. हातपाय गार लागतायत का, सकाळपासून लघवी किती वेळा झाली, नावं-गावं बरोबर सांगतोय का, हेही बघून ठेवा. आकडा चढत असेल तर सिस्टरकडे जा. "बरं वाटत नाहीये त्यांना" असं म्हणू नका. म्हणा, "सिस्टर, दहाला श्वास २० होते, आता २६ आहेत, आणि ते मला मुलीच्या नावाने हाक मारतायत. तुम्ही एकदा मोजाल का?"